आज्ञापत्र आणि माणसांची पारख

आज्ञापत्र हा राजनीतीवरचा मराठी ग्रंथ कोल्हापूरच्या गादीवरून 1715 च्या सुमारास निघाला. त्या वेळी गादी पन्हाळ्यावर होती आणि राजारामपुत्र संभाजी नुकतेच तिच्यावर आले होते. ग्रंथ त्यांच्या नावाने काढलेला असला, तरी कर्ते रामचंद्र नीळकंठ अमात्य. किल्ले आणि आरमारावरच्या प्रकरणांसाठी तो बहुधा वाचला जातो. पण कोणत्या माणसाशी कसे वागावे, कोणाला कोणते काम सांगावे आणि कोणाला किती जवळ करावे, हा त्याचा तितकाच महत्त्वाचा विषय आहे.

ही पारख रामचंद्रपंतांना पोथीतून मिळाली नव्हती. शिवाजी महाराजांच्या 1674 च्या राज्याभिषेकाच्या वेळी ते अष्टप्रधानांत होते. 1689 मध्ये मोगलांनी शिवाजीपुत्र संभाजी महाराजांना पकडल्यावर राजाराम जिंजीला गेले, आणि मागे महाराष्ट्राचा कारभार ‘हुकमतपनाह’ म्हणून पंतांच्या हाती आला. राजा शेकडो मैल दूर, वाटेत मोगली फौजा; पत्राला उत्तर येईपर्यंत परिस्थिती बदललेली असे. हाताखालचे दोन मोठे सरदार परस्परविरोधी वळणाचे होते. संताजी घोरपडे शिस्तीचे आणि शिक्षेला कठोर, धनाजी जाधव माणसे सांभाळून घेणारे. त्यांचे वैर विकोपाला गेले आणि 1697 मध्ये संताजी मारले गेले. कर्तबगार माणसांचे आपसांत न जमल्यास राज्याला काय किंमत मोजावी लागते, हे पंतांनी कारभार पाहता पाहता अनुभवले होते.

आज्ञापत्रात माणसांचे वर्ग पडतात ते त्यांच्या हितसंबंधांवरून. वतनदार म्हणजे देशमुख, देशपांडे, पाटील ही मंडळी. ती स्वतःला राज्याचे वाटेकरीच समजतात, आहे त्यावर समाधान मानत नाहीत आणि परचक्र आले की आधी वतन वाचवायला शत्रूकडे जातात. हे निदान करूनही ग्रंथ त्यांना उखडून टाका म्हणत नाही. त्यांना मायेने वागवावे, पण धाकात ठेवावे. नुसता स्नेह किंवा नुसता दंड चालणार नाही, असे तो बजावतो. जिंजीच्या काळात वतनाच्या आमिषाने मोगलांकडे गेलेले आणि वतनासाठीच परत आलेले लोक पाहिलेल्या माणसाचा हा सल्ला आहे.

सावकार ही राज्याची शोभा. त्यांना बोलावून आणावे, पेठा वसवाव्यात, त्यांच्या वाटेस कोणाला जाऊ देऊ नये. टोपीकरांना, म्हणजे युरोपीय व्यापाऱ्यांना, मात्र हा नियम लागू नाही. त्यांच्या पाठीशी त्यांचे राजे आहेत, ते हट्टी आहेत आणि मिळालेली जागा सोडत नाहीत. म्हणून त्यांना किनाऱ्यावर, खाडीच्या तोंडाशी ठाणे देऊ नये. व्यापारी म्हणून दोघे सारखे दिसत असले, तरी पंतांनी त्यांना एकत्र मोजले नाही. पुढच्या शंभर वर्षांनी त्यांचा अंदाज खरा ठरवला.

चाकरांविषयीचा भाग आजच्या कार्यालयालाही ओळखीचा वाटावा असा आहे. वेतन वेळेवर आणि कामाप्रमाणे द्यावे, पण चाकरी केली म्हणून वंशपरंपरेची जमीन तोडून देऊ नये. राजाने नोकरांशी थट्टामस्करी करू नये आणि भाटांच्या स्तुतीला चटावू नये. गडावर हवालदार, सरनौबत, सबनीस आणि कारखानीस यांची कामे वेगळी असावीत आणि ठरावीक मुदतीने त्यांच्या बदल्या व्हाव्यात. माणूस प्रामाणिक निघेल या भरवशावर गड सोपवायचा नाही, हे त्यामागचे धोरण.

रयतेच्या मनाची सर्वांत नेमकी जाण आरमाराच्या प्रकरणात सापडते. गलबतांसाठी लाकूड हवे. पण आंबा-फणसाला हात लावू नये, कारण ती झाडे लोकांनी लेकरांप्रमाणे वाढवलेली असतात. एखादे जीर्ण झाड घ्यायचेच तर मालकाला राजी करून, मोबदला देऊन घ्यावे. हा मजकूर शिवाजी महाराजांच्या पत्रातला म्हणून वारंवार सांगितला जातो. तो आज्ञापत्रातला आहे.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ विल्यम मार्स्टन यांनी 1928 मध्ये माणसाच्या वागण्याचे चार प्रकार मांडले. वर्चस्व गाजवणारा, समोरच्याला वळवणारा, जुळवून घेणारा, नियम पाळणारा, अशा धर्तीच्या आजच्या कंपन्यांमधल्या कसोट्या त्याच मांडणीतून वाढल्या. त्यांचा रोख माणसाच्या अंगच्या स्वभावावर असतो. आज्ञापत्र विचारते ते वेगळेच: हा माणूस कोठे उभा आहे आणि त्याला गमवायचे काय आहे? कामाच्या ठिकाणचे तंटे समजून घ्यायला हा प्रश्न अनेकदा जास्त उपयोगी पडतो. मात्र या ग्रंथाची मर्यादाही उघड आहे. तो वरून खाली पाहतो. चाकराने धन्याला कसे ओळखावे, याला त्यात फारशी जागा नाही.

पंत 1716 मध्ये पन्हाळ्यावर वारले. 1731 च्या वारणेच्या तहाने सातारा आणि कोल्हापूर ही दोन राज्ये कायमची वेगळी झाली. वंशपरंपरेच्या जमिनी देऊ नका म्हणणाऱ्या या अमात्यांच्या घराण्याकडे बावड्याची जहागीर त्यानंतर दोनशे वर्षांहून अधिक काळ राहिली.