केव्हीएम स्विच

दोन किंवा अधिक संगणकांना तोच मॉनिटर, तोच कीबोर्ड आणि तोच माउस आलटून पालटून वापरता यावेत म्हणून मधे बसवायचे उपकरण. कीबोर्ड, व्हिडिओ आणि माउस यांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून हे नाव पडले आणि १९९५ च्या सुमारास सायबेक्स या अमेरिकी कंपनीने ते रूढ केले. उपकरण मूळचे सर्व्हरच्या खोल्यांतले. रॅकमधल्या प्रत्येक यंत्राला वेगळा पडदा लावणे परवडत नसे, जागाही नसे. आज ते घरातल्या टेबलावर जास्त दिसते, आणि बहुतेक वेळा त्याच्या एका बाजूला गेमिंग पीसी असतो, दुसऱ्या बाजूला कचेरीचा लॅपटॉप.

आरंभीच्या पेट्या निव्वळ यांत्रिक होत्या. समोर फिरवायचा खटका, मागे व्हीजीएच्या १५ पिनांच्या जोडण्या. खटका फिरवला की तारा एका संगणकापासून खरोखरच सुटत आणि दुसऱ्याला लागत. मात्र सुरू होताना कीबोर्ड सापडला नाही की त्या काळचे पीसी अडून बसत. पडद्यावर कीबोर्ड नसल्याची तक्रार येई आणि पुढे जाण्यासाठी एफ-१ ही कळ दाबा अशी सूचनाही येई. ती कुठे दाबायची हे सांगण्याची तसदी कोणी घेतली नव्हती. म्हणून पुढच्या इलेक्ट्रॉनिक स्विचांनी प्रत्येक संगणकापुढे कायमचा बनावट कीबोर्ड-माउस उभा करायला सुरुवात केली. याला इम्युलेशन म्हणतात. स्क्रोल लॉक ही कळ दोनदा दाबून संगणक बदलण्याची सोयही इम्युलेशनमुळेच शक्य झाली, कारण कळा आधी पेटी वाचते आणि मग पुढे पाठवते.

घरगुती मागणी वाढली ती मार्च २०२० च्या टाळेबंदीनंतर. हिंजवडी, खराडी, ऐरोली इथल्या कंपन्यांचे लॅपटॉप कर्मचाऱ्यांच्या घरी आले आणि अनेकांनी ते आधीपासून असलेल्या गेमिंग पीसीशेजारी मांडले. दिवसा लॅपटॉप, रात्री गेम, टेबल एकच. अडचण अशी की सर्व्हरच्या खोलीत चित्र कसेही दिसले तरी चालत असे. गेम खेळणाऱ्याने मात्र सेकंदाला १४४ चित्रे दाखवणाऱ्या मॉनिटरसाठीच पैसे मोजलेले असतात.

केव्हीएममध्ये कीबोर्ड आणि माउस हा सोपा भाग; खरे दुखणे व्हिडिओचे. २५६० × १४४० बिंदूंचे चित्र १४४ हर्ट्‌झवर पाठवायला सेकंदाला सुमारे १४ गिगाबिट माहिती वाहावी लागते. डिस्प्लेपोर्ट १.२ ची उपयुक्त क्षमता १७.२८ गिगाबिट असल्याने तिथे ती मावते. ४के चित्र १४४ हर्ट्‌झवर हवे असेल तर नुसत्या बिंदूंचेच २८ गिगाबिटांहून अधिक होतात. डिस्प्लेपोर्ट १.४ ची उपयुक्त क्षमता २५.९२ आहे, म्हणजे ते दाबून, डीएससी या पद्धतीने पाठवावे लागते. अशा वेळी स्विचच्या खोक्यावरचा नुसता ‘४के’ हा शब्द काहीच सांगत नाही. शेजारी ६० हर्ट्‌झ लिहिले आहे की १४४, ते पाहावे. दुसरी गोष्ट लांबीची. स्विच मधे आला की संगणकापासून स्विचपर्यंतची आणि स्विचपासून मॉनिटरपर्यंतची अशा दोन केबलींची लांबी एकत्र धरावी लागते, कारण साध्या स्विचमध्ये सिग्नल नव्याने उभा केला जात नाही. थेट जोडणीत निर्धास्त चालणारी केबल स्विचमधून गेली की पडदा क्षणभर काळा पडतो, पुन्हा येतो. दोष बहुधा मॉनिटरवर ढकलला जातो. तीन फुटांची चांगली केबल लावून पाहिली की निम्म्या तक्रारी मिटतात. मॉनिटरचा वेग गेमच्या चित्रांशी जुळवणारे एनव्हिडियाचे जी-सिंक किंवा एएमडीचे फ्रीसिंक वापरायचे असेल तर ते स्विचमधून पार होते की नाही हेही आधीच विचारून घ्यावे.

तिसरी गोष्ट ओळखपत्राची. प्रत्येक मॉनिटर आपली माहिती (कंपनी, आकार, चालणारी रिझोल्यूशने) ईडीआयडी नावाच्या एका नोंदीत ठेवतो. तिचा मूळ खंड अवघा १२८ बाइटचा. संगणक ती वाचतो आणि त्यानुसार चित्र धाडतो. स्वस्त स्विचचे बटण दाबले की आधीच्या संगणकाच्या दृष्टीने मॉनिटर उपटून नेल्यासारखाच होतो. दोन मॉनिटरवर ऐसपैस मांडलेल्या खिडक्या लॅपटॉपच्या चिमुकल्या पडद्यावर गर्दी करतात, आणि परत आल्यावर एक्सेल एका कोपऱ्यात आक्रसलेले, ब्राउझर अर्धा पडद्याबाहेर, असा पसारा हाती येतो. महागड्या स्विचमध्ये ईडीआयडीचेही इम्युलेशन असते. असे स्विच त्या वेळी न निवडलेल्या संगणकाला मॉनिटर जागेवरच असल्याचे भासवत राहतात. विंडोज ११ मध्ये मॉनिटरनुसार खिडक्यांच्या जागा लक्षात ठेवण्याची सोय आली, तिने हा त्रास बराच कमी झाला आहे, संपलेला नाही.

इम्युलेशनची किंमत कीबोर्ड-माउसला चुकवावी लागते. पेटी संगणकापुढे एक सर्वसामान्य कीबोर्ड उभा करते, त्यामुळे गेमिंग कीबोर्डाचे रंगीत दिवे, मॅक्रो कळा आणि ते चालवणारे सॉफ्टवेअर गप्प होतात. माउसचा वेगही घटू शकतो. साधा माउस सेकंदाला १२५ वेळा आपली जागा कळवतो, गेमिंग माउस १००० वेळा, काही ८००० वेळा. म्हणून अशा स्विचवर बहुधा एक-दोन यूएसबी पोर्ट इम्युलेशनविना दिलेले असतात. गेमिंग माउस तिथेच लावावा. बिनतारी माउसचे डोंगल यूएसबी ३ च्या पोर्टाला अगदी खेटून लावले की माउस अडखळतो, कारण त्या पोर्टाचा गोंगाट नेमका २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात येतो. वीतभर एक्स्टेन्शन केबलने काम भागते.

या सगळ्यामुळे जाणकारांचा कल हल्ली व्हिडिओ स्विचमधून नेऊच नये याकडे आहे, आणि तो योग्यच आहे. दोन मॉनिटर, डिस्प्लेपोर्ट १.४ आणि ईडीआयडी इम्युलेशन असलेला स्विच कधी कधी एका नव्या मॉनिटरच्या किमतीला जातो. त्याऐवजी गेमिंग पीसी मॉनिटरच्या डिस्प्लेपोर्टला आणि लॅपटॉप त्याच मॉनिटरच्या एचडीएमआयला थेट जोडायचा. कीबोर्ड, माउस आणि हेडफोनसाठी फक्त साधा यूएसबी स्विच घ्यायचा, जो खूपच स्वस्तात मिळतो. मॉनिटरचा इनपुट बदलायला मागच्या बारीक कळा चाचपडाव्या लागतात ही कुरकुर खरी. पण डीडीसी/सीआय या सोयीने संगणकच मॉनिटरला इनपुट बदलण्याचा आदेश देऊ शकतो. लिनक्सवर डीडीसीयुटिल, विंडोजवर कंट्रोलमायमॉनिटर ही मोफत साधने त्यासाठी आहेत. यूएसबी स्विच फिरताच कीबोर्ड गेल्याचे ओळखून मॉनिटरही आपोआप फिरवणारे छोटे प्रोग्रॅम मिळतात. काही मॉनिटर मात्र त्या वेळी दिसत असलेल्या संगणकाचाच आदेश ऐकतात. शिवाय बरेच मॉनिटर दुसऱ्या इनपुटवर गेले तरी पहिल्या संगणकाशी जोडलेलेच राहतात. खिडक्या जागच्या हलत नाहीत हा फायदा, पण दोनपैकी एकच मॉनिटर लॅपटॉपला दिला असेल तर पीसीवरची एखादी नवी खिडकी त्या न दिसणाऱ्या पडद्यावर उघडते आणि शोधत बसावे लागते.

यूएसबी-सीने लॅपटॉपची बाजू सोपी केली. चित्र, यूएसबी आणि चार्जिंग एकाच केबलीतून जाते. काही मॉनिटरमध्ये केव्हीएम आतच बसवलेला असतो. लॅपटॉप यूएसबी-सीला लावायचा, पीसीकडून डिस्प्लेपोर्ट आणि यूएसबी-बी अशा दोन केबली आणायच्या. इनपुट बदलला की मॉनिटरच्या मागे लावलेला कीबोर्ड त्याच्याबरोबर जातो. एकच मॉनिटर असणाऱ्याने याहून दुसरे काही शोधू नये. थंडरबोल्ट डॉक, म्हणजे एका केबलीने लॅपटॉपला सगळी साधने जोडणारी पेटी, मात्र या कामाला सहसा निरुपयोगी ठरतो, कारण बहुतेक गेमिंग पीसींना थंडरबोल्ट पोर्टच नसतो. मॅकबुकवाल्यांसाठी आणखी एक खोच : एका केबलीतून दोन स्वतंत्र पडदे काढणारी एमएसटी पद्धत मॅकओएस मानत नाही, दोन्हींवर तेच चित्र येते.

मॉनिटर ज्याचे त्याला ठेवून फक्त कीबोर्ड-माउस वाटून घ्यायचा असेल तर पेटीची गरजच नाही. २००१ मध्ये आलेल्या सिनर्जीपासून ही सोय देणारी सॉफ्टवेअरे आहेत. माउस पडद्याच्या कडेबाहेर ढकलला की नेटवर्कवरून शेजारच्या संगणकावर उतरतो. कॉपी केलेला मजकूरही सोबत जातो. मायक्रोसॉफ्टचे माउस विदाउट बॉर्डर्स २०११ मध्ये आले, ते आता त्याच कंपनीच्या पॉवरटॉइज या साधनसंचाचा भाग आहे आणि चार संगणकांपर्यंत चालते. अॅपलचे युनिव्हर्सल कंट्रोल २०२२ मध्ये आले, पण ते मॅक आणि आयपॅडपुरतेच. गेमशी मात्र यांचे जमत नाही. गेममध्ये मान वळवायला माउस सतत एकाच दिशेला ढकलावा लागतो आणि नेमका तेव्हाच तो कडेवरून दुसऱ्या संगणकावर निसटतो. म्हणून माउस पडद्यात कोंडून ठेवणारी कळ शोधून ठेवावी. माउस प्रत्यक्षात गेमिंग पीसीलाच जोडावा, लॅपटॉपला नव्हे.

कचेरीच्या लॅपटॉपवर असे सॉफ्टवेअर बसवायला आयटी विभाग बहुधा परवानगी देत नाही, आणि कळा नेटवर्कवरून जाणार असतील तर त्यांचे म्हणणे रास्तही आहे. साधा हार्डवेअर स्विच तिथे चालून जातो, कारण लॅपटॉपला तो नुसता कीबोर्ड आणि माउस वाटतो. पेनड्राइव्ह किंवा बाहेरची डिस्क मात्र स्विचच्या सामायिक यूएसबी पोर्टाला लावून ठेवू नये. बटण दाबताच ती गुपचूप दुसऱ्या संगणकाला जोडली जाते. संरक्षण खात्यांसारख्या ठिकाणी, जिथे गोपनीय आणि खुले असे दोन वेगळे नेटवर्क एकाच टेबलावर येतात, तिथे सुरक्षित केव्हीएम वापरतात. त्यात कळांची माहिती कीबोर्डाकडून संगणकाकडे एकाच दिशेने वाहू शकते, कीबोर्ड-माउसखेरीज इतर यूएसबी साधने नाकारली जातात आणि पेटी उघडण्याचा प्रयत्न झाला तर ती कायमची निकामी होते.