तबकडीच्या पाठीवरची नावे

इतिहासाची साधने कोणती, असा प्रश्न वर्गात विचारला की मुले ठरलेली उत्तरे देतात. शिलालेख, ताम्रपट, नाणी, बखरी, पत्रे. उत्तर बरोबर असते, गुणही मिळतात. आज या यादीत मी आणखी एका वस्तूची भर घालणार आहे. ती वस्तू म्हणजे ग्रामोफोनची तबकडी, आणि तबकडीपेक्षाही तिच्या पुठ्ठ्याच्या वेष्टनाची पाठ. त्या पाठीवर बारीक अक्षरांत वाजवणाऱ्यांची नावे छापलेली असतात. पुष्कळ माणसांच्या आयुष्यभराच्या कामाचा तेवढाच लेखी पुरावा मागे राहतो.

इतिहासाचार्य राजवाड्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ साली काढला, हे शिक्षकांना ठाऊक आहेच. त्यासाठी हा गृहस्थ गावोगाव हिंडला. कोणाच्या माळ्यावर, कोणाच्या बळदात कसर लागलेली दप्तरे पडलेली असत. घरच्यांना ती अडगळ वाटे. गेल्या तीस-चाळीस वर्षांत इंग्लंडात, जपानात, अमेरिकेत काही माणसे अशीच हिंडत आली आहेत. जुन्या बाजारात, धर्मादाय संस्थांच्या दुकानांत, मेलेल्या माणसाच्या घरातले सामान विकायला निघते तेथे. ती कागद शोधत नाहीत, तबकड्या शोधतात. त्यांच्या शोधात आपल्याकडच्या काही माणसांची नावे वर आली, म्हणून हे भाषण.

आता ही तबकडी कसल्या संगीताची, ते सांगायला हवे. अमेरिकेच्या दक्षिणेकडे, न्यू ऑर्लिन्स शहरात, विसाव्या शतकाच्या आरंभी तेथल्या काळ्या लोकांमध्ये जॅझ नावाचे संगीत वाढीला लागले. त्याची रीत आपल्याला अगदीच परकी वाटू नये. आपल्या ख्यालात बंदिश दोन ओळींची आणि विस्तार अर्ध्या तासाचा. जॅझमध्येही मूळ धून लहान असते, आणि मग सॅक्सोफोनवाला, ट्रंपेटवाला, पियानोवाला आपापल्या पाळीने ती मनाने फुलवतो. १९६०च्या दशकाच्या अखेरीस या जॅझची तरुणांच्या रॉक संगीताशी सोयरीक झाली. विजेवर चालणारी गिटार आली, ढोलांचा ठेका जड झाला. त्याला जॅझ-रॉक म्हणू लागले.

पण या सोयरिकीच्या थोडे आधी लंडनमध्ये दुसरी एक सोयरीक जमली होती. जॉन मेयर हा कलकत्त्यात वाढलेला व्हायोलिनवादक १९५२ साली शिकण्यासाठी लंडनला गेला आणि तेथल्या मोठ्या वाद्यवृंदांतून वाजवू लागला. डेनिस प्रेस्टन नावाच्या निर्मात्याला एकदा एका तबकडीची राहिलेली जागा भरायला काही मिनिटांची रचना हवी होती. ‘माझ्याजवळ तयार आहे’ असे मेयरने ठोकून दिले आणि त्याच रात्री बसून ती लिहून काढली, अशी हकीकत मेयर सांगत असे. ती शब्दशः खरी मानावी की नाही, हे श्रोत्यांनी ठरवावे. कलावंतांच्या आठवणी बखरींसारख्याच वाचाव्या लागतात. या ओळखीतून पुढे १९६६ साली ‘इंडो-जॅझ सूट’ ही तबकडी निघाली, एवढे मात्र कागदोपत्री पक्के आहे.

तिच्यावर दोन ताफे समोरासमोर बसवले होते. एका बाजूला पाच जॅझवाले. त्यांचा म्होरक्या जो हॅरियट हा जमैकाचा सॅक्सोफोनवादक. अनाथ मुलांच्या शाळेत वाद्य शिकलेला आणि १९५१ साली इंग्लंडात आलेला. दुसऱ्या बाजूला मेयर स्वतः, एक इंग्रज बासरीवाला, सतारीवर दिवाण मोतीहार, तंबोऱ्यावर चंद्रहास नावाचे गृहस्थ आणि तबल्यावर केशव साठे. चार रचनांपैकी दोन मेघ आणि गौडसारंग या रागांवरच्या. मेयर सारे लिहून देई, रागाचे स्वर नेमून देई, आणि तेवढ्या कुंपणात जॅझवाल्यांनी मनाने वाजवायचे.

माझे मत विचाराल तर ही तबकडी ऐकताना मला लग्नाचा मांडव आठवतो. वरपक्ष एका सतरंजीवर, वधूपक्ष दुसऱ्या, आणि दोघेही जरा जपून बोलताहेत. तरी मधूनच हॅरियटचा सॅक्सोफोन सतरंजी ओलांडून तबल्यापाशी येतो आणि मग कान टवकारतात. १९६७ साली याच जोडताफ्याची दुसरी तबकडी निघाली. तिच्यावरची ‘अक्का राग’ ही छोटी रचना बी.बी.सी.च्या दूरचित्रवाणीने एका कार्यक्रमाच्या सुरुवातीला लावायला घेतली. आपल्या रागांच्या यादीत असा राग नाही. नाव ऐकून आपल्याला घरातली थोरली बहीणच आठवेल. कार्यक्रम होता दोन कुटुंबांच्या सामान्यज्ञान स्पर्धेचा. आईबाप आणि मुले प्रश्नांची उत्तरे देत. म्हणजे इंग्लंडातल्या घराघरांत मुंबईच्या साठ्यांचा तबला वाजत होता, आणि तो कोणाचा, हे विचारण्याचे ऐकणाऱ्याला काही कारण नव्हते.

आता वेष्टनाच्या पाठीकडे या. तंबोऱ्यावरच्या गृहस्थांचे आडनाव इंग्रजीत ‘पैगांका’ असे छापले आहे. हे पैंगणकर असावेत, असे मला वाटते. गोव्यात काणकोणाकडे पैंगीण गाव आहे, त्यावरून हे आडनाव पडते. छापणाऱ्याने शेवटचा र गिळला असावा. मोडी वाचणाऱ्याला असे गिळलेले अक्षर नवीन नाही. दुसरे नाव रिक लेअर्ड, मोठ्या खर्जाच्या तंतुवाद्याचा वादक. हाच लेअर्ड १९७१ साली जॉन मॅक्लॉफलिनच्या ‘महाविष्णू ऑर्केस्ट्रा’त गेला. जॅझ-रॉकचा विषय निघाला की हा ताफा पहिल्या दोन-तीन नावांत घेतला जातो. त्याच मॅक्लॉफलिनने पुढे मुंबईच्या झाकीर हुसेन (१९५१-२०२४) यांना घेऊन ‘शक्ती’ हा ताफा काढला. त्याची पहिली तबकडी १९७६ची. प्रसिद्ध झाले ते हे. पण दहा वर्षे आधी, एका विसरलेल्या तबकडीवर, लेअर्ड आणि साठे शेजारी शेजारी वाजवत होते. पाठीवरची नावे कोणी वाचली नसती तर ही साखळी जुळली नसती.

दुसरे माणूस आमान्सियो डिसिल्वा. गोव्याच्या कुटुंबातला, जन्म मुंबईचा, १९३६ सालचा, हातात गिटार. गोव्यात पोर्तुगीज अमदानीत चर्चच्या शाळांतून मुलांना स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवीत. त्या शिक्षणाच्या बळावर कितीतरी गोवेकर मुंबईत येऊन हॉटेलांच्या आणि हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत भाकरी कमवीत होते. डिसिल्वा त्याच परंपरेतला, पण त्याला गिटारीतून सतारीची मींड काढायची ओढ होती. १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात तो लंडनला गेला. १९६९ साली प्रेस्टननेच त्याच्या दोन तबकड्या काढल्या. पहिलीचे नाव ‘इंटिग्रेशन’. तिच्यात मुंबईच्या एका रस्त्यावर रचना आहे. दुसरी हॅरियटबरोबरची, तिचे नाव सरळ ‘हम दोनो’. तिच्यात गोव्यासाठी एक संथ गत आहे. गंमत अशी की ‘हम दोनो’वर एकही भारतीय वाद्य नाही. सतार नाही, तबला नाही. तरी या साऱ्या तबकड्यांत मला ती सर्वांत आपली वाटते, कारण तेथे दोन सतरंज्याच राहिल्या नाहीत. एक जमैकाचा, एक गोव्याचा, दोघेही परमुलखात, आणि एकमेकांचे वाक्य पुरे करणारे. तिच्यावर ट्रंपेट वाजवणाऱ्या इयान कारने त्याच वर्षी ‘न्यूक्लियस’ हा ताफा उभा केला. ब्रिटिश जॅझ-रॉकचा आरंभ सांगताना त्याचेच नाव घेतात.

मग हे सारे बुडाले कसे? कट-कारस्थान काही नव्हते. अशा तबकड्यांचा खप मुळातच बेताचा. तरुण गिऱ्हाईक रॉककडे गेले. कंपनीने एकदा छापलेले संपले की पुन्हा छापले नाही. हॅरियट १९७३च्या जानेवारीत गेला, वय चव्वेचाळीस, जवळ पैसा नाही. डिसिल्वा १९९६ साली गेला. मूळ फिती कंपन्यांच्या कोठारांत राहिल्या आणि कंपन्या हात बदलत गेल्या. आपल्याकडच्या सरदारी दप्तरांचे झाले, त्याहून वेगळे काही नाही.

आणि मग आले संग्राहक. त्यांना भाबडे समजू नका. त्यांच्यात खरे रसिक आहेत, तसे निव्वळ व्यापारीही आहेत. तबकडीवर सुई जेथे शेवटी येऊन फिरत राहते, त्या मधल्या कोऱ्या पट्टीत बारीक अंक कोरलेले असतात. ते अंक आणि मधल्या कागदाचा रंग पाहून छापील प्रत पहिल्या खेपेची की नंतरची, हे जाणकार माणूस सांगतो. आपण पत्रावरची मिती आणि शिक्का तपासतो तसेच हे. ‘हम दोनो’ची पहिल्या खेपेची प्रत शेकडो पौंडांना जाऊ लागली. किंमत चढली तेव्हा कंपन्यांना जाग आली. २००२ साली जिल्स पीटरसन या लंडनच्या नभोवाणी निवेदकाने ब्रिटिश जॅझमधल्या विस्मृत रचनांचे एक संकलन काढले आणि या काळाकडे नव्या श्रोत्यांचे लक्ष वळले. एकेक करून जुन्या तबकड्या पुन्हा निघू लागल्या. मीही हे संगीत ऐकले ते नव्या आवृत्त्यांवरच. मूळ प्रत घ्यायला प्राध्यापकाचा पगार पुरत नाही.

संग्राहकांचे ऋण मान्य करूनही एक तक्रार नोंदवतो. त्यांचे मोजमाप दुर्मिळतेचे असते. वस्तू जितकी कमी तितकी थोर, हा बाजाराचा न्याय झाला, इतिहासाचा नव्हे. शिवाय विकणारा प्रत्येक तबकडीला ‘जगातली पहिली’ म्हणतो. असल्या पहिलेपणाच्या वंशावळी तयार करणारे भाट आपल्याकडेही होऊन गेले. आणि तबकडी लागते ती म्होरक्याच्या नावाने. हॅरियट, मेयर, डिसिल्वा यांना पुन्हा नाव मिळाले. साथ करणाऱ्याचे काय?

केशव साठे यांचा जन्म मुंबईत १९२८ साली झाला. १९५०च्या दशकात ते लंडनला गेले. त्यांचे नाव शोधायचे तर एका कप्प्यात सापडत नाही, दहा कप्पे उघडावे लागतात. १९६७ साली जर्मनीत निघालेल्या ‘जॅझ मीट्स इंडिया’ या तबकडीवर ते आहेत. १९७२ साली डिसिल्वाच्या ‘कॉस्मिक आय’ या ताफ्याच्या तबकडीवर ते आहेत. स्वप्नांची मालिका असा तिचा विषय. त्याच वर्षी ‘मॅजिक कार्पेट’ या इंग्रज मंडळींबरोबर ते आहेत. ही तबकडी तेव्हा कोणी विचारली नाही आणि पुढे संग्राहकांनी डोक्यावर घेतली. १९७७ साली जॉन रेनबर्न हा गिटारवादक जुनी इंग्रजी लोकगीते बसवतो, तेथेही तबला साठ्यांचा. जॅझ, रॉक, लोकगीत, सगळीकडे हा एक माणूस ठेका धरून बसलेला.

एका तबकडीची गोष्ट तर सांगितलीच पाहिजे. स्कॉटलंडचा सतारवादक क्लेम आल्फर्ड, गिटारवाला जिम मॉइज आणि साठे अशा तिघांनी १९७२ साली एका स्वस्त तबकड्या काढणाऱ्या कंपनीसाठी वादन केले. ताफ्याचे नाव ‘सरगम’. कंपनीने छापले ‘साग्रम’! आणि वर नाव दिले ‘पॉप एक्स्प्लोजन सितार स्टाइल’, म्हणजे चालू गाण्यांचा सतारीवर धडाका. आत धडाका नव्हता, चालू गाणीही नव्हती. शांतपणे वाजवलेली सतार, गिटार आणि तबला होता. ज्याने धडाक्यासाठी घेतली त्याची निराशा झाली असणार, आणि ज्याला आवडली असती त्याने हे नाव पाहूनच ती बाजूला ठेवली असणार. अशा रीतीने एक चांगली तबकडी तिच्या वेष्टनानेच पुरली. ती पुढे उकरून काढली ती वेष्टनाची पाठ वाचणाऱ्यांनी. म्हणजे पुरावा कोठे खोटे बोलतो आणि कोठे खरे, हे एकाच पुठ्ठ्यावर पाहायला मिळते. पुढची बाजू दुकानदाराची, मागची बाजू इतिहासाची. अर्थात मागच्या बाजूवरही र गळतो, हे आपण पाहिले.

शिक्षक बंधुभगिनींनो, आपल्या गावात एखाद्या घरी फोनो असेल, माळ्यावर तबकड्यांची चवड असेल. तबकडी फुटकी असली तरी तिच्या मधल्या कागदावरचे सारे शब्द आणि अंक मुलांकडून वहीत उतरवून घ्या. गायकाच्या खाली पेटीवाल्याचे, सारंगीवाल्याचे नाव कधी असते, कधी नसते. असेल तर तेवढे न विसरता घ्या. भंगारवाला तबकडी वजनावर नेतो.

डिसिल्वाने १९७२ साली लंडनमध्ये आणखी एक तबकडी ध्वनिमुद्रित केली. नाव ‘कोकण डान्स’. पियानोवर स्टॅन ट्रेसी, सॅक्सोफोनवर डॉन रेंडेल, सतारीवर आल्फर्ड, तबल्यावर साठे. ती तेव्हा बाहेर आलीच नाही. चौतीस वर्षे ती तशीच पडून होती. २००६ साली ती प्रथम छापली गेली, तेव्हा ज्याने ती रचली त्या डिसिल्वाला जाऊन दहा वर्षे झाली होती. केशव साठे हयात होते, वय अठ्ठ्याहत्तर. त्यानंतर सहा वर्षांनी, २०१२ साली ते गेले.