लोणाची कुळकथा

अमक्या चळवळीचे लोण गावोगाव पोहोचले, तमक्या फॅशनचे लोण खेड्यापाड्यांत पसरले, असे वाक्य वर्तमानपत्रात आढळले नाही असा आठवडा क्वचितच जातो. परंतु हे लोण म्हणजे नेमके काय, ते कोणी व कोठून आणले, हा प्रश्न लिहिणाराला पडत नाही आणि वाचणारालाही पडत नाही. शब्द रूढ झाला म्हणजे त्याचे गोत्र विचारण्याचे प्रयोजन उरत नाही, हे मान्य. तथापि या शब्दाचे गोत्र विचारू गेल्यास तो आपल्याला पाण्याच्या धारेने आखलेल्या आट्यापाट्यांच्या मैदानावर नेऊन उभा करतो.

लोण म्हणजे मीठ. संस्कृत लवण, प्राकृत लोण. लोणचे आणि दृष्ट काढण्याचे निंबलोण ही त्याचीच भावंडे. लोणी मात्र या घराण्यातले नव्हे; ते नवनीताच्या कुळातले, आणि केवळ नावाच्या साम्यावर मिठाशी सोयरीक सांगणारे.

आट्यापाट्यांच्या मैदानावर नऊ आडव्या पाट्या असतात आणि त्या सर्वांना मधोमध छेदणारी एक उभी सूरपाटी असते. आडवी पाटी धरणाऱ्या गड्याला पाटीबाहेर पाऊल टाकण्याची मुभा नाही. सूर मात्र उभ्या पाटीवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत मनसोक्त धावू शकतो. पहिली ती कपाळपाटी, शेवटची ती लोणपाटी. हुलकावण्या देत लोणपाटी ओलांडली म्हणजे मीठ हाती आले असे मानायचे. पण जुन्या रीतीप्रमाणे खरा डाव तेथून पुढे सुरू होतो, कारण ते अदृश्य मीठ घेऊन, त्याच गड्यांना पुन्हा चुकवून, कपाळपाटीबाहेर सुखरूप परतल्याखेरीज लोण झाले असे कोणी म्हणत नसे. तमिळ मुलखात या खेळाच्या भावंडात परतणारा गडी 'उप्पु' म्हणजे मीठच आणतो, सिंहली लोक खेळालाच 'लुणु' म्हणतात, आणि बंगाल्यांच्या खेळातही 'नून' आहेच. इतक्या परस्परांपासून दूरच्या भाषांनी एका खेळात एकच जिन्नस ठेवावा, हा निव्वळ योगायोग मानायला माझे मन तयार होत नाही.

भोकरदनच्या माणसाला तर यात नवल वाटण्याचे कारणच नाही. सांची आणि भारहुत येथील दानलेखांत ज्या भोगवर्धनाचे नाव येते ते प्राचीन व्यापारी नगर म्हणजेच हे केळणा नदीच्या काठचे गाव. येथे चैन होती, कारागिरी होती, हस्तिदंताची घडीव मूर्तीही उत्खननात सापडली. पण समुद्र शेकडो मैल दूर. किनाऱ्याचे मीठ लमाणांच्या तांड्यांनी बैलांच्या पाठीवर लादून, घाट चढून, नाक्यानाक्यावर जकात चुकती करून आणावे तेव्हा ते या बाजूच्या रांजणात पडावयाचे, आणि निजामी अमदानीत करोडगिरीच्या अंमलदारांची नजरही मालावर असावयाचीच. पाट्या म्हणजे हे नाके आणि सूर म्हणजे घोड्यावरून फिरणारा जकातदार, असा माझा तर्क आहे. पुरावा मागाल तर शब्दाखेरीज माझ्याजवळ दुसरा दस्तऐवज नाही. इंग्रजांनी मिठासाठी उत्तर हिंदुस्थानातून बऱ्हाणपुरावरून जी लांबलचक जकातरेषा आखली आणि 1879 मध्ये मोडली, तिच्याकडे या खेळाचे जनकत्व देण्याचा मोह मात्र आवरावा, कारण तुकोबांच्या गाथेतील मृदंगपाट्यांचा, म्हणजे याच खेळाचा, अभंग तिच्या कितीतरी आधीचा आहे.

मी दहा वर्षांचा असताना नदीकाठच्या मोकळ्या जागेत एका चांदण्या रात्री लोण घेऊन परतत होतो. दोनच पाट्या उरल्या होत्या. सूर होते साठीच्या घरातले एक गृहस्थ. धोतराचा काचा मारलेला, आणि मघाशी लोणपाटीपाशी गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकताना मी त्यांना स्वतः पाहिले होते. मी दोन्ही हात वर करून ओरडलो, आणि त्याच क्षणी पाठीत थाप बसली. ओल्या मातीची पाच बोटे सदऱ्यावर उमटली. "मीठ घरात पडू दे रे बाळा, मंग नाच," एवढेच बोलून ते पुन्हा धापा टाकू लागले.

अमेरिकेतील व्यावसायिक फुटबॉल मी दूरचित्रवाणीवर पाहिला तेव्हा ही थाप आठवली. तेथेही मैदानावर दर पाच यार्डांनी आडवी रेघ असते. फरक एवढाच, की तेथले मीठ चामड्याचे असते, आणि ते हातून निसटले, त्यांच्या भाषेत फंबल झाले, की ज्याच्या हाती लागेल त्याचे. 31 जानेवारी 1993 रोजी सुपर बोल या अंतिम सामन्यात डॅलसचा लिऑन लेट असाच निसटलेला चेंडू उचलून धावत सुटला, आणि शेवटची रेघ हातभर उरली असता आनंदाच्या भरात त्याने चेंडू धरलेला हात बाजूला पसरला. बफेलोचा डॉन बीबी, आपला संघ 52 विरुद्ध 17 असा बुडालेला असतानाही, मैदानभर त्याच्यामागे धावत आला होता. त्याने चेंडूला फटका मारला आणि लोण हुकले. निकालात त्याने तसूभरही फरक पडला नाही. तरी त्या सामन्यातले दुसरे काही लोकांना आठवो न आठवो, ती धाव आठवते.

पुढे हुतूतूची कबड्डी झाली, नियम छापले गेले, आणि तेथे लोणाचा अर्थ आकसला: प्रतिपक्षाचे सर्व गडी बाद झाले म्हणजे लोण, त्याचे दोन गुण अधिक. वर्तमानपत्री लोणाने तर परतीची वाट सोडूनच दिली. ते नुसते पसरत जाते. मला ही शब्दाची अधोगती वाटते, पण शब्द माझ्या मालकीचा नाही.

तालुक्यातील मुख्याध्यापकांना मात्र एक विनंती आहे. आट्यापाट्यांच्या मैदानाला 89 फूट 1 इंच लांब आणि 23 फूट 1 इंच रुंद एवढीच जागा लागते, साहित्य काहीही लागत नाही, आणि पाट्या आखायला घागरभर पाणी मिळाले तरी एका संध्याकाळचे भागते.