तेलाची साक्ष

१८७७ साली ‘जुनी गिरणी’ ही कापडगिरणी सुरू झाली तेव्हापासून सोलापूर ज्या कापसावर पोसले, त्याचे मूलद्रव्य सेल्युलोज होय. आणि विद्युत-रोहित्राच्या लोखंडी टाकीत, तेलात बुडालेल्या तांब्याच्या वेटोळ्यांवर कागदाच्या पट्ट्यांच्या रूपाने गुंडाळलेले असते तेही सेल्युलोजच. आरंभीच्या रोहित्रांत तर तारेवर प्रत्यक्ष सुताचे वेष्टन असे. तेल गाळता येते, बदलताही येते. कागद मात्र एकदा जीर्ण झाला की त्याला पूर्वस्थिती नाही, म्हणून रोहित्राचे आयुष्य म्हणजे वस्तुतः त्या कागदाचे आयुष्य.

टाकी न उघडता त्या कागदाची प्रकृती कशी ओळखावी, हा रोहित्र-परीक्षणाच्या विद्येचा मूळ प्रश्न. प्रारंभी मेगर या उपकरणाने विद्युत्‌रोध मोजला जाई, आणि अडीच मिलिमीटर अंतरावरील दोन गोलकांमध्ये तेलाचा नमुना घालून ठिणगी पडेपर्यंत विद्युतदाब चढवला जाई. पाण्याचा अंश आणि तरंगते तंतू यांचा सुगावा त्यातून लागे, पण दोषाची जात कळत नसे. १९२१ साली माक्स बुखोल्झ या जर्मन अभियंत्याने टाकी व तिच्यावरची तेलाची छोटी टाकी (कॉन्झर्व्हेटर) यांमधील नळीत बसणारा, वायू साठताच इशारा देणारा रिले सिद्ध केला. हे उपकरण आजही मोलाचे आहे. तथापि बुडबुडे साठण्याइतका वायू निघाला, याचा अर्थ पुष्कळदा बिघाड बराच पुढे गेला, असाच होतो.

खरा पालट घडवला तो तेलात विरघळलेल्या वायूंच्या पृथक्करणाने. हायड्रोजन वाढला तर आंशिक विद्युत विसर्जन, इथिलीन वाढला तर तेलाचा अतिताप, ॲसिटिलीन दिसला तर आर्क, आणि कार्बन मोनॉक्साइड चढत राहिला तर कागदच करपत असल्याचा संशय, असा हा तेलाचा जबाब असतो. मिथेन, इथिलीन व ॲसिटिलीन यांच्या प्रमाणावरून दोष ठरविणारा मिशेल दुव्हाल यांचा त्रिकोण १९७४चा. परंतु एकाच नमुन्यावर निकाल देणे मला उतावीळपणाचे वाटते. दप्तरी असलेल्या मागील नोंदींशी ताळा घातल्यावाचून त्या आकड्यांना अर्थ येत नाही.

सोलापुरात या दक्षतेला विशेष कारण आहे. वेटोळ्यातील सर्वांत तप्त जागा ९८ अंशांपलीकडे दर सहा अंश चढली की साध्या कागदाच्या ऱ्हासाचा वेग दुप्पट होतो, असा मान्य आडाखा आहे, आणि येथे एप्रिल-मे महिन्यांत भोवतालची हवाच चाळीस अंशांवर जाते. शिवाय ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची वाहिनी कार्यान्वित होऊन दक्षिणेचे विद्युत्‌जाळे उर्वरित देशाशी एकाच वारंवारतेत जोडले गेले, तेव्हापासून येथील रोहित्रांची जबाबदारी जिल्ह्यापुरती राहिलेली नाही.

कागद झिजताना तेलात उतरणाऱ्या फुरफुराल या संयुगाच्या मोजमापावरून आता त्याच्या रेणुशृंखलेचाही अंदाज बांधतात. नव्या कागदात ही शृंखला सुमारे हजार कड्यांची असते. ती दोनशेवर आली की कागदात बळ उरत नाही, आणि रोहित्र वरकरणी सुरळीत चालत असले तरी त्याच्या बदलीची मंजुरी तेव्हाच घेऊन ठेवावी लागते.