दिनविशेष : १४ जानेवारी १९९४ – मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार

औरंगाबादच्या मराठवाडा विद्यापीठाला १९९४ साली आजच्या दिवशी ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ’ हे नाव मिळाले. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यातला तालुका होता आणि इथली महाविद्यालये याच विद्यापीठाला जोडलेली होती.

नामांतराची मागणी मुळात विद्यार्थ्यांची. ज्या समाजाला शाळेत वेगळे बसवले, पाणवठ्यापासून दूर ठेवले, त्याच्यासाठी बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० मध्ये औरंगाबादेत महाविद्यालय काढले, तेच पुढचे मिलिंद. तिथे शिकलेल्या पिढीला विद्यापीठावर बाबासाहेबांचे नाव हवे होते, यात गैर ते काय? २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी नामांतराचा ठराव केला. त्यानंतर मराठवाड्यातल्या गावोगावी दलित वस्त्या जाळल्या गेल्या, माणसे मारली गेली. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीचे पोचिराम कांबळे त्यांपैकी एक. ठरावाची अंमलबजावणी थांबली.

विद्यार्थी, कार्यकर्ते मात्र हटले नाहीत. मोर्चे, सत्याग्रह, जेलभरो चालूच राहिले. १९७९ मध्ये प्रा. जोगेंद्र कवाडे यांच्या नेतृत्वाखाली नागपूरच्या दीक्षाभूमीवरून लाँग मार्च निघाला. हजारोंनी अटक करून घेतली. नोव्हेंबर १९९३ मध्ये नांदेडच्या गौतम वाघमारे यांनी याच मागणीसाठी आत्मदहन केले. सुमारे साडेपंधरा वर्षे! एका ठरावाला इतका काळ लागावा, ही महाराष्ट्राने विसरू नये अशी लाज आहे.

नामविस्ताराच्याच वर्षी, सप्टेंबर १९९४ मध्ये, नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ सुरू झाले आणि हिंगोलीची महाविद्यालये तिकडे जोडली गेली.