नांदेडचे पाचशे सोळा फोटो

अकोल्याहून हिंगोली, पूर्णा करत गाडी नांदेडला पोहोचते. तिथल्या एका नेत्रचिकित्सालयात मधुमेही रुग्णांच्या दृष्टिपटलाचे फोटो वर्षानुवर्षे निघत होते. शहरातल्याच श्री गुरू गोविंदसिंहजी अभियांत्रिकी संस्थेतले प्रसन्न पोरवाल, मनेश कोकरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हजारो तपासण्यांमधून 516 फोटो निवडले. 2018 साली ‘आयडीआरआयडी’ या नावाने हा संग्रह जगासाठी खुला झाला आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये वॉशिंग्टनच्या परिषदेत देशोदेशींच्या संशोधकांनी आजार ओळखणारे आपापले संगणकी प्रोग्रॅम त्यावर पारखून पाहिले.

डॉक्टरांनी एकमताने प्रत्येक फोटोला मधुमेहामुळे होणाऱ्या दृष्टिपटलविकाराची 0 ते 4 अशी श्रेणी दिली. आजार नसलेले 168, मध्यम 168, तीव्र 93, नव्या रक्तवाहिन्या उगवलेले 62. आणि सौम्य? अवघे 25. सौम्य म्हणजे केशवाहिन्यांवर बारीक फुगवटे, बाकी काही नाही. एखादं लाल टिंब फुगवटा म्हणायचं की रक्ताचा डाग, यावर अनुभवी डॉक्टरांचंही जमत नाही ते इथेच. रुग्णाला वेळीच सावध करता येतं तेही याच टप्प्यावर, म्हणून ही 25 ची संख्या फार बोचते.

ठिपका न् ठिपका रेखाटण्याचं किचकट काम 81 फोटोंवर झालं. फुगवटे आणि पिवळट कठीण ठिपके सर्व 81 मध्ये आखलेले आहेत, रक्तस्राव 80 मध्ये. कापसाच्या बोळ्यासारखे पांढुरके डाग मात्र 40 मध्येच. उरलेल्या 41 मध्ये डाग नाहीत म्हणून आखणी नाही, हे माणसाला सांगून समजतं. या फोटोंवरून शिकणाऱ्या यंत्राला रिकामी जागा तेवढी दिसते. एखाद्या संग्रहात ती जागा ‘कुणी पाहिलंच नाही’ म्हणून रिकामी असेल आणि यंत्राने ती ‘नाही’ अशी वाचली, तर खरा डाग निरोगी म्हणून शिकवला जातो.

हा पेच नांदेडपुरता नाही. स्टॅनफर्डच्या 2019 च्या ‘चेक्सपर्ट’ संग्रहात छातीचे 2,24,316 एक्स-रे आहेत. रिपोर्टात ‘शक्यता नाकारता येत नाही’ अशा धर्तीचा शेरा आला की तिथे ‘अनिश्चित’ अशी वेगळी नोंद केली गेली. मग या नोंदी गाळून, ‘नाही’ धरून, ‘आहे’ धरून, अशा सगळ्या रीती तपासल्या गेल्या. फुफ्फुसाचा भाग आक्रसण्याच्या बाबतीत ‘आहे’ धरणं सरस ठरलं. हृदय मोठं होण्याच्या बाबतीत ‘अनिश्चित’ हा स्वतंत्र वर्गच ठेवणं बरं पडलं. डॉक्टरांच्या मतभेदावर उतारा म्हणून त्याआधी 2016 मध्ये गूगलच्या चमूने 54 डॉक्टरांकडून दृष्टिपटलाचा एकेक फोटो तीन ते सात वेळा तपासून घेतला होता.

नांदेडच्या मंडळींनी पुढे 3200 फोटोंचा ‘आरएफएमआयडी’ संग्रह केला. त्यात 46 प्रकारच्या नोंदी, दोन ज्येष्ठ तज्ज्ञांच्या सहमतीने. त्यावर झालेल्या 2021 च्या स्पर्धेत मात्र दुर्मीळ आजार ‘इतर’ या एकाच खान्यात गेले. व्यवहार म्हणून ते पटतं. पण सहमतीनंतर फक्त अंतिम निकाल उरतो, मूळ मतभेद पुसला जातो, आणि हे नुकसान लहान नाही. असं काम वऱ्हाडातही होऊ शकतं: अकोल्यात 2002 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, अमरावतीत डॉ. पंजाबराव देशमुखांच्या नावाचं महाविद्यालय त्याहून जुनं आहे. वऱ्हाडातल्या डोळ्यांचा असा संग्रह उद्या उभा राहिला, तर प्रत्येक फोटोपुढे पहिल्या डॉक्टरचं मत, दुसऱ्याचं मत आणि ‘तपासलं नाही’ असे तीन रकाने पहिल्या दिवसापासून आखून ठेवावेत.