बोटीच्या इंजिनातले तेल: चरबीपासून सिंथेटिकपर्यंत

बोटीच्या इंजिनाला कोणते तेल मानवते, हा वाद सिंथेटिक तेलाहून शंभर वर्षांनी जुना आहे. आगबोटींच्या पहिल्या पिढीत सिलिंडर, झडपा आणि बेअरिंग यांना गुरांची चरबी, स्पर्म व्हेलचे तेल, एरंडेल अशी प्राणिज आणि वनस्पतिज वंगणे लावत. ही वंगणे धातूला घट्ट चिकटत आणि ओल्या वाफेने सहज धुऊन निघत नसत. उष्णतेत मात्र त्यांचे विघटन होऊन मेदाम्ले सुटत. सुरुवातीला हा दोष फारसा जाणवला नाही. वापरलेली वाफ समुद्राच्या पाण्याचा फवारा मारून थंड करत आणि त्यातले बरेचसे पाणी चरबीसकट समुद्रातच सोडून देत.

सॅम्युअल हॉल याने 1834 मध्ये पेटंट घेतलेल्या नळ्यांच्या कंडेन्सरने हे चित्र पालटले. त्यात थंड नळ्यांवर वाफेचे पाणी होई आणि तेच गोडे पाणी पुन्हा बॉयलरमध्ये जाई. 1860 च्या दशकात ही पद्धत जहाजांवर रुळली, तशी सिलिंडरमधली चरबीही पाण्याबरोबर फिरून बॉयलरमध्ये पोहोचू लागली. तिच्यातली आम्ले लोखंडी पत्रे पोखरू लागली. खारे पाणी टाळून बॉयलर वाचवायचा आणि वंगणाने तो खाऊन टाकायचा, अशी जहाजावरच्या इंजिनिअरांची कोंडी झाली.

तोवर पर्याय जमिनीतून वर आला होता. 1859 मध्ये एडविन ड्रेकने पेनसिल्व्हेनियातील टायटसव्हिल येथे तेलविहीर खोदली, ती दिव्याच्या रॉकेलसाठी. रॉकेल काढून उरलेला जड भाग वंगणाला उत्तम असल्याचे ज्यांनी ओळखले, त्यांत डॉ. जॉन एलिस हे आघाडीवर होते. त्यांनी 1866 मध्ये न्यूयॉर्क राज्यातील बिंगहॅम्टन येथे कंपनी काढून वाफेच्या इंजिनांसाठी खनिज तेल विकायला सुरुवात केली. पुढे हाच धंदा व्हॅल्व्होलिन या नावाने ओळखला गेला. खनिज तेल म्हणजे निव्वळ हायड्रोकार्बन. त्यातून वाफेच्या उष्णतेत मेदाम्ले सुटण्याचा प्रश्नच नव्हता. तरीही जुने वंगण पुरते हटले नाही. ओल्या वाफेत शुद्ध खनिज तेल धातूवरून धुऊन जाते, म्हणून सिलिंडरच्या खनिज तेलात थोडी चरबी मिसळण्याची पद्धत टिकून राहिली. उष्णता सोसणारे तेल पाण्यापुढे टिकेलच असे नाही, हा बोटीच्या वंगणाचा मूळ पेच तेव्हाच स्पष्ट झाला. पुढच्या सगळ्या निवडी याच पेचाभोवती फिरल्या आहेत.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पेट्रोल आणि डिझेलची इंजिने पाण्यावर रुळू लागली. ओले एव्हिनरूड याने अमेरिकेत मिलवॉकी येथे 1909 मध्ये बोटीच्या मागे टांगायचे इंजिन, म्हणजे आउटबोर्ड, विकायला काढले. 1912 मध्ये कोपनहेगनला बांधलेले सेलांडिया हे डिझेलवर चालणारे मोठे मालवाहू जहाज महासागरात उतरले. या दोन इंजिनांनी वंगणाचे दोन वेगळे रस्ते पाडले. डिझेलमध्ये तेल खालच्या चेंबरमध्ये साठून पुन्हा पुन्हा फिरते. टू-स्ट्रोक आउटबोर्डमध्ये ते पेट्रोलातच मिसळतात आणि ते एकदाच वापरले जाऊन जळते. जे जळत नाही ते धुराबरोबर थेट पाण्यात उतरते. शर्यतीच्या इंजिनांत एरंडेल बराच काळ मानाने टिकले, कारण प्रचंड उष्णतेतही त्याचा थर फाटत नाही. पण ते पेट्रोलात नीट विरघळत नाही आणि त्याचा डिंकासारखा चिकट थर बसतो. त्यामुळे रोजच्या बोटीत खनिज तेलच रूढ झाले.

1911 मध्ये अमेरिकेतील मोटार इंजिनिअरांच्या संस्थेने तेलांची जाडीनुसार वर्गवारी केली. डब्यावरचे 30, 40 हे आकडे त्याच परंपरेतले आहेत. पुढे थंडीतील जाडी दाखवणारे ‘डब्ल्यू’ अक्षर जोडले गेले. 15डब्ल्यू-40 हे तेल थंड इंजिनात 15 च्या वर्गासारखे पातळ वागते आणि तापल्यावर 40 च्या वर्गाइतके जाड राहते.

त्याहून मोठा बदल 1930 च्या दशकात झाला आणि त्याची हवी तेवढी दखल घेतली जात नाही. त्या काळी जोराने चालणाऱ्या डिझेल इंजिनांत काजळी साचून पिस्टनच्या रिंगा जागच्या जागी चिकटत. कॅटरपिलर कंपनीच्या इंजिनांतील हा दोष दूर करताना तेलात काजळी धुणारी द्रव्ये मिसळली गेली. 1935 मध्ये स्टँडर्ड ऑइल ऑफ कॅलिफोर्नियाचे डेलो हे डिझेल इंजिनांचे तेल आले. तेव्हापासून तेल वंगणाबरोबर सफाईचेही काम करू लागले. डिझेलमधले तेल थोड्याच तासांत काळे पडते ते काजळी स्वतःत धरून ठेवल्यामुळे. काळे तेल म्हणजे खराब तेल हा समज चुकीचा आहे. पांढुरके, दुधाळ तेल मात्र धोक्याची खूण असते. तेलात पाणी शिरल्याशिवाय तो रंग येत नाही.

सिंथेटिक तेलाचा जन्म समुद्राशी संबंधित नाही. 1929 च्या सुमारास स्टँडर्ड ऑइल ऑफ इंडियानाने कृत्रिम हायड्रोकार्बन तेल विकण्याचा प्रयत्न केला, पण त्याला गिऱ्हाईक मिळाले नाही. जर्मनीत हर्मान झोर्न यांनी 1930 आणि 1940 च्या दशकांत एस्टर या वर्गातील हजारो द्रव्ये तयार करून तपासली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात खनिज तेलाची टंचाई होती आणि कडाक्याच्या थंडीत साधे तेल गोठत होते. युद्धानंतर जेट विमानांच्या इंजिनांत एस्टर तेले सर्रास आली. एरंडेल आणि चरबी हीही रसायनदृष्ट्या एस्टरच. कारखान्यात बनवलेल्या एस्टरांत त्यांचा चिकटपणाचा गुण राखून लवकर नासण्याचा दोष कमी केलेला होता. अमेरिकेच्या हवाई दलात काम केलेल्या अल्बर्ट अमातुझिओ यांनी 1972 मध्ये ॲम्सऑइल हे मोटारींसाठीचे सिंथेटिक तेल बाजारात आणले. पाठोपाठ 1970 च्या दशकाच्या मध्यावर मोबिल 1 आले. इंधन महागले होते आणि पातळ तेलाने होणाऱ्या बचतीला भाव होता.

बोटींनी हे तेल सावकाश स्वीकारले, आणि त्याला कारणे होती. खाऱ्या पाण्यावर थेट थंड होणाऱ्या इंजिनांत पाण्याचे तापमान साठ अंशांच्या आसपासच ठेवतात, कारण त्याहून वर क्षार साचून वाटा तुंबतात. असे इंजिन मोटारीच्या मानाने थंड राहते. वाफेचे पाणी आणि न जळलेले इंधन तेलात मिसळते आणि पुरते उडून जात नाही. सिंथेटिक तेलाचा मोठा गुण म्हणजे ते उष्णतेने लवकर नासत नाही. पण बोटीतले तेल नासण्याआधीच दूषित होते, मग ते कोणतेही असो. ते ठरलेल्या तासांनी काढावेच लागते. महाग तेलाचे अर्धे आयुष्य असे वाया जाते. शिवाय सुरुवातीच्या काही सिंथेटिक तेलांनी रबरी सील आकसले किंवा फुगले आणि जुनी इंजिने गळू लागली. पुढे मिश्रणे सुधारली, तरी ही धास्ती धक्क्यांवर बराच काळ टिकली.

टू-स्ट्रोक इंजिनांत मात्र सिंथेटिकला खरे स्थान मिळाले. तेथे तेल पाण्यात जातेच, म्हणून युरोपातील सरोवरांवर लवकर विघटन पावणाऱ्या एस्टर तेलांची मागणी वाढली. अमेरिकेतील बोट-उद्योगाच्या संघटनेने 1992 मध्ये पाण्याने थंड होणाऱ्या टू-स्ट्रोकसाठी टीसी-डब्ल्यू3 हे मानक लागू केले. 1996 मध्ये अमेरिकी सरकारने आउटबोर्डच्या धुरावर मर्यादा घातली आणि बाजार फोर-स्ट्रोककडे वळला. 2004 मध्ये या इंजिनांसाठी एफसी-डब्ल्यू मानक आले. मोटारीच्या तेलाला नसलेली गंजाची कडक चाचणी त्यात आहे. हे मानक खनिज आणि सिंथेटिक दोन्ही तेलांना मिळू शकते.

दरम्यान ‘सिंथेटिक’ या शिक्क्याचा अर्थही सैल झाला होता. खनिज तेलावर हायड्रोजनची तीव्र प्रक्रिया करून बनवलेल्या तेलाला कॅस्ट्रॉल सिंथेटिक म्हणते, अशी तक्रार मोबिलने अमेरिकेतील जाहिरातींची छाननी करणाऱ्या मंडळापुढे केली. 1999 मध्ये मंडळाने कॅस्ट्रॉलच्या बाजूने कौल दिला. तेव्हापासून डब्यावरच्या त्या एका शब्दावरून आतल्या तेलाची जात कळत नाही.

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर हा इतिहास उशिरा आणि वेगळ्या वाटेने आला. 1950 च्या दशकात सरकारी कर्जे आणि सहकारी संस्था यांच्या जोरावर सातपाटीसारख्या बंदरांतील शिडाच्या बोटींत डिझेल इंजिने बसू लागली. पुण्याजवळ खडकीला 1946 मध्ये स्थापन झालेल्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्ससारख्या कारखान्यांमुळे देशी डिझेल इंजिन हाताशी आले. बोटीची ओळख शिडावरून न राहता सिलिंडरवरून होऊ लागली. दोन सिलिंडरची, चार सिलिंडरची, सहा सिलिंडरची बोट असे आजही बंदरावर बोलतात. या इंजिनांना खनिज तेल मिळाले आणि तेच योग्य होते. कोकणात थंडीत तेल गोठण्याचा प्रश्न नाही, इंजिन तासन्‌तास एकाच गतीने चालते, आणि सहा सिलिंडरच्या चेंबरमध्ये बादलीभर तेल मावते. ते दर वेळी सिंथेटिक भरणे नाखव्याला परवडत नाही आणि त्यातून मिळणारा फायदाही तेवढा नसतो. जून-जुलैच्या बंदीत बोट ओढून शाकारण्याआधी तेल बदलणे जास्त मोलाचे आहे. जुन्या तेलातले पाणी आणि आम्ले दोन महिने बेअरिंगवर बसून राहिली तर नारळी पौर्णिमेनंतर इंजिन सुरू होईल, पण बेअरिंगवर गंजाचे डाग पडलेले असतील. काढलेले तेल धक्क्यावर ओतू नये. ते कायद्याने घातक कचऱ्यात मोडते.

मालवण-तारकर्लीकडे छोट्या फायबर बोटींवर फोर-स्ट्रोक आउटबोर्ड वाढले आहेत. त्यांचे फेरे जोराचे असतात आणि तेलाचे प्रमाण थोडे. तेथे एफसी-डब्ल्यू मानकाचे अर्धसिंथेटिक किंवा सिंथेटिक तेल घेण्यात अर्थ आहे. मच्छीमारी बोटीच्या जड डिझेलला इंजिन बनवणाऱ्याने सांगितलेल्या दर्जाचे 15डब्ल्यू-40 खनिज तेल, वेळेवर बदललेले, आजही पुरते.